डीम्ड कन्व्हेयन्स : कायदा सोपा, मेंबर अवघड

आमच्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स झालं, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने बिल्डिंगखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली, ही बातमी पसरल्यापासनं कर्वेनगर-कोथरूडातल्या बऱ्याच सेक्रेटरी लोकांचे फोन येऊन गेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, वकील कोण आणि किती घेतात. माझं म्हणणं, हा प्रश्न नंतर विचारा. आधी हे बघा की तुमच्या किती मेंबरांकडे स्वतःच्या फ्लॅटचं रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट आणि इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातला त्या दस्ताचा उतारा) आहे, म्हणजे कपाटात हात घालून काढून देता येईल असं, "आहे हो कुठेतरी, बँकेत असेल" असं नव्हे. कारण आमची दीडेक वर्षं तिथेच गेली, सरकारी ऑफिसात नाही.

आमची बिल्डिंग १९८९-९० ची, चोवीस फ्लॅट, सोसायटी १९९२ साली रजिस्टर झाली. मी सेक्रेटरी झाले कारण मी बँकेतनं व्हीआरएस घेतली होती आणि मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातनं रिटायर झालेले, कागद जपून ठेवणारा माणूस, ते नसते तर हे काम झालं नसतं हे आधीच सांगते.

विषय निघाला रिडेव्हलपमेंटवरनं. आमच्या भागात सध्या दर चौथ्या बिल्डिंगला हिरवी जाळी लागलीये, २०२० च्या शेवटी नवीन यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली आली आणि एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं, गणित बदललं तेव्हापासनं तर जास्तच, त्यामुळे आमच्याकडेही एक डेव्हलपर येऊन गेला आणि त्याच्या माणसाने चहाचा कप उचलायच्या आधी विचारलं, "कन्व्हेयन्स झालंय ना?" आमच्यातले अर्धे लोक म्हणाले झालंय, अर्धे म्हणाले म्हणजे काय.

तर म्हणजे काय ते थोडक्यात. तुम्ही फ्लॅट घेता, स्टॅम्प ड्युटी भरता, रजिस्ट्रेशन करता, तेव्हा तुमच्याकडे फ्लॅटचा हक्क येतो. बिल्डिंगखालची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर असते. ती जमीन आणि बिल्डिंग सोसायटीच्या नावावर करून देणं हे बिल्डरचं काम, १९६३ च्या मोफा या फ्लॅट मालकीच्या कायद्यात ते लिहिलंय, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यापासनं चार महिन्यांत करून द्यायचं असतं. आमच्या बाबतीत म्हणजे १९९२ मध्येच व्हायला हवं होतं. झालं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण पाणी येत होतं, लाईट येत होती, मिळकत कराचं बिल आपापल्या नावाने येत होतं, मग जमीन कोणाची हे कोणाच्या डोक्यात कशाला येईल.

काकांनी आणि मी प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर आधी गावाचं नाव, हिंगणे बुद्रुक. आमच्या एका मेंबरने ग्रुपवर लगेच लिहिलं की हे चुकीचं कार्ड आहे, आपण कर्वेनगरला राहतो. कर्वेनगरचं महसुली नाव तेच आहे, सगळ्या जुन्या कागदांवर मौजे हिंगणे बुद्रुक, तालुका हवेली असंच येतं, पण ते त्यांना पटवायला काकांना स्वतःचं १९९० चं ॲग्रीमेंट उघडून दाखवावं लागलं. मालकांच्या रकान्यात एका शेतकरी कुटुंबातली नावं होती, त्यातले काही जण वारलेले, वारस लागलेले नाहीत. आणि बिल्डरचं नाव कुठेच नाही! लोकांना हा मोठा धक्का होता. त्याच्याकडे होतं ते फक्त डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट आणि कुलमुखत्यारपत्र. जमीन त्याने स्वतःच्या नावावर कधी घेतलीच नव्हती, पुण्यात जुन्या बिल्डिंगांमध्ये हे सर्रास असतं, म्हणजे उद्या त्याने अगदी आनंदाने सही करायची म्हणलं तरी मालकांच्या वारसांच्या सह्या लागणारच.

आधी गोडीत प्रयत्न केला. मूळ बिल्डर आता थकलेत, मुलगा बघतो. "काकू, करून देतो ना, आपल्याच घरचं आहे", असं म्हणून त्याने एक मसुदा पाठवला. त्यात सातव्या की आठव्या पानावर होतं की शिल्लक आणि भविष्यात मिळणारा सगळा एफएसआय, टीडीआर (दुसरीकडनं आणून वापरता येणारा बांधकामाचा हक्क) आणि गच्चीवरचा हक्क डेव्हलपरकडेच राहील. वर सोसायटीने 'खर्चापोटी' म्हणून एक रक्कम द्यायची, ती मी लिहीत नाही, पण ती ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक पहिल्यांदा मीटिंगमध्ये मोठ्याने बोलले. ज्यांच्याकडे असा मसुदा आलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा एवढंच सांगेन, पहिली सहा पानं नेहमी गोड असतात.

मग वकील शोधले. आम्हाला मिळाल्या त्या वकीलबाई शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्याआधी दोन एजंट येऊन गेले होते, "साहेब ओळखीचे आहेत, एकरकमी द्या, सर्टिफिकेट हातात देतो" असे, त्यातल्या एकाला तर निम्मी कमिटी पैसे द्यायला तयार होती. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की २००८ मध्ये मोफाच्या कलम ११ मध्ये दुरुस्ती झालीये, बिल्डर करून देत नसेल तर सोसायटी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊ शकते, २०१० मध्ये त्याचे नमुने ठरलेत, अर्ज नमुना सातमध्ये करायचा, आणि निकाल जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यायचा असं कायदा म्हणतो. आम्ही खूश. सहा महिने म्हणजे काहीच नाही. तर त्या म्हणाल्या, "सरकारला सहा महिन्यांची मुदत आहे. तुमच्या मेंबरांना कायद्याने कुठलीच मुदत दिलेली नाही." तेव्हा आम्हाला ते विनोदी वाटलं.

२०२२ च्या दिवाळीनंतर सर्वसाधारण सभा घेऊन ठराव केला, प्रत्येक फ्लॅटमागे पंधरा हजार जमा करायचे ठरले. दोन जणांनी विरोध नोंदवला. एकांचं म्हणणं बिल्डर चांगला माणूस आहे, गणपतीला वर्गणी देतो, त्याला कशाला कोर्टात खेचायचं. (हे कोर्ट नाही हे त्यांना मी निदान दहा जणांसमोर सांगितलंय, अजून ते कोर्टच म्हणतात.) दुसऱ्यांची भीती होती की कन्व्हेयन्स झालं तर त्यांनी बिल्डरकडनं पैसे देऊन घेतलेलं स्टिल्ट पार्किंग जाईल. त्यांना सांगितलं की पार्किंगचा आणि याचा संबंध नाही, स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच म्हणलंय. हे ऐकून ते शांत व्हायच्या ऐवजी जास्तच चिडले, त्यामुळे तो मुद्दा मी पुन्हा काढला नाही.

ठरावानंतर वकिलांमार्फत बिल्डरला आणि मालकांच्या कुटुंबाला रजिस्टर पोस्टाने नोटीस. बिल्डरकडनं उत्तर नाही. मालकांच्या एका पत्त्यावरची नोटीस परत आली, कारण त्या पत्त्यावर आता दुसऱ्याच बिल्डरची सात मजली इमारत उभी आहे.

आणि मग कागद. अर्जाला काय लागतं त्याची यादी फार भयंकर नाहीये, २०१८ च्या जूनमध्ये शासनाने जीआर काढून ती बरीच सोपी केलीये : सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, नमुन्यादाखल रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट, मेंबरांची यादी, बिल्डरला दिलेली नोटीस, दोन हजारांचा कोर्ट फी स्टॅम्प. भोगवटा पत्र नसेल तर सोसायटीने स्वयंघोषणा द्यायची. आमच्याकडे पार्ट कम्प्लिशन, म्हणजे अर्धवट भोगवटा पत्र, होतं, पूर्ण कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे याचा मोठा उपयोग झाला. महापालिकेच्या रेकॉर्डमधनं मंजूर नकाशाची प्रमाणित नक्कल काढली, आर्किटेक्टकडनं मोजणी करून दाखला घेतला.

इथे एक गंमत. ॲग्रीमेंटमध्ये प्लॉट बारा गुंठे लिहिलेला, म्हणजे १०८९ ने गुणलं की १३,०६८ चौरस फूट, म्हणजे १,२१४ चौरस मीटर. प्रॉपर्टी कार्डवर मात्र १,१५०. चौसष्ट मीटर कुठे गेले यावरनं ग्रुपवर दोन दिवस बिल्डरला शिव्या, शेजारच्या सोसायटीने कंपाउंड आत ढकललं असा एक शोध, मग नकाशा उलगडला तर समोरचा रस्ता रुंद करताना तेवढा भाग गेलेला आणि तसं नकाशावर लिहिलेलंच होतं. अर्जात आणि पुढे दस्तात क्षेत्र लिहायचं ते कार्डावरचं, ॲग्रीमेंटमधलं नाही, नाहीतर पुढे फेरफाराला अडकतं. वकीलबाईंनी तीस वर्षांचा सर्च घेतला त्यात जुन्या सातबाऱ्यावर विविध कार्यकारी सोसायटीचा पीककर्जाचा बोजाही निघाला, आमच्या पार्किंगच्या जागी कधीतरी ऊस की ज्वारी असणार! कर्ज कधीच फिटलेलं होतं, नोंद तेवढी कमी करायची राहिली होती.

आता मेंबर. तुम्ही म्हणाल जीआरप्रमाणे एक ॲग्रीमेंट पुरतं तर सगळ्यांचे कागद कशाला? आम्हीही हेच म्हणलं होतं. अर्ज कदाचित निघूनही गेला असता. पण प्राधिकाऱ्याचं सर्टिफिकेट मिळाल्यावर कन्व्हेयन्सचा दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे किती ड्युटी लागते ते ठरवायला, जातो, आणि तिथे हिशेब असा असतो की ज्या ज्या फ्लॅटच्या करारावर ड्युटी पूर्ण भरली आहे त्यांच्यापुरती ड्युटी पुन्हा नाही, नाममात्र काय ते, पण ज्याची भरल्याचा पुरावा नाही त्याच्या हिश्शाची आता वसूल होणार. म्हणजे एकाने कागद दिला नाही तर भुर्दंड सगळ्या सोसायटीवर. म्हणून चोवीसच्या चोवीस.

पहिल्या महिन्यात नऊ आले. तेही कसे, कोणी ॲग्रीमेंटचं फक्त पहिलं पान, कोणी मोबाईलवर काढलेले फोटो ज्यात अंगठा जास्त आणि अक्षरं कमी. अमेरिकेत असलेल्या मेंबरने सुरेख स्कॅन पाठवला, फक्त तो मिळकत कराच्या पावतीचा होता. ज्यांचे फ्लॅट अलीकडे विकत घेतलेत त्यांचे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या साइटवर सर्च करून सापडले, १९९० च्या आसपासचे मात्र हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून, जुन्या नोंदींत शोधून काढावे लागले. पुण्यात हवेलीची ऑफिसं भरपूर आहेत आणि शहरातला दस्त कुठल्याही हवेलीत नोंदवलेला असू शकतो, त्यामुळे नंबर आणि तारीख माहीत नसेल तर शोधणं म्हणजे तुळशीबागेत हरवलेलं पोर शोधण्यासारखं. ॲग्रीमेंटच्या मागच्या पानावर नोंदणीचा शिक्का असतो, त्यात हवेली क्रमांक, दस्त क्रमांक, वर्ष सगळं असतं. तेवढ्या एका पानाचा फोटो मागितला तरी निम्मं काम होतं हे मला उशिरा सुचलं.

खरे पेच तीन निघाले.

एक, बी विंगच्या तळमजल्याचा फ्लॅट मधे एकदा विकला गेला होता आणि ती विक्री नुसत्या स्टॅम्प पेपरवर, रजिस्ट्रेशनच नाही. सोसायटीने त्या काळी शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफर करून टाकलेलं, सध्याच्या मालकांना वाटत होतं तेवढं पुरतं. पुरत नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट म्हणजे मेंबरशिप, मालकीचा दस्त नोंदलेलाच लागतो. आणि दस्त सही झाल्यापासनं चार महिन्यांत नोंदवायचा असतो, त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने, मग तो कागद तसाच नोंदवता येत नाही. नशीब, मूळ विकणारे गृहस्थ सातारा रोडला राहात होते आणि सज्जन होते. त्यांनी येऊन जुना करार जोडून कन्फर्मेशन डीड, म्हणजे तो व्यवहार पक्का करणारा नवा दस्त, करून दिलं. ते नसते तर काय केलं असतं हा प्रश्न वकीलबाईंना विचारला तर त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

दोन, दुसऱ्या मजल्यावरचे पीएमटीतनं रिटायर झालेले काका. त्यांचं ॲग्रीमेंट १९९१ चं, रजिस्टर झालेलं, पण ड्युटी कमी भरलेली. बिल्डिंग फारच जुनी असती तर गोष्ट वेगळी, कारण विक्रीच्या करारालाच पूर्ण ड्युटी लावायचा नियम आला १० डिसेंबर १९८५ ला, त्याच्या आधीचे करार पाच रुपयांच्या स्टॅम्पवरही चालून गेलेत. यांचा त्यानंतरचा. कमी पडलेल्या ड्युटीवर महिन्याला दोन टक्के दंड, फार तर मूळ रकमेच्या चौपट. काकांनी आकडा ऐकला आणि म्हणाले मला तुमचं कन्व्हेयन्स नको. त्यांना कोण काय बोलणार? पेन्शन तुटपुंजी. आम्ही त्यांचा भाग सोसायटीने उचलायचा का यावर भांडत होतो तेवढ्यात २०२३ च्या डिसेंबरात शासनाने मुद्रांक शुल्क अभय योजना काढली. १९८० ते २००० मधल्या दस्तांना, कमी पडलेली ड्युटी एक लाखाच्या आत असेल तर पहिल्या टप्प्यात ड्युटीही माफ आणि दंडही माफ. अट अशी की कागद अधिकृत विक्रेत्याकडच्या स्टॅम्प पेपरवर किंवा फ्रँकिंग केलेला हवा. काकांचा होता. अध्यक्ष काकांनी त्यांचा अर्ज स्वतः भरला, स्वतः त्यांना स्कूटरवर बसवून नेलं. ती योजना आता संपलीये, त्यामुळे ज्यांना सध्या असाच पेच आहे त्यांना मी खोटी आशा लावत नाही, पण अशा योजना मधनंमधनं येतात, कागद तयार ठेवा म्हणजे आल्यावर पळापळ नको.

तीन, आजी. त्यांच्याविषयी शेवटी लिहिते.

अर्ज दाखल झाला २०२४ च्या उन्हाळ्यात. इथनं पुढे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच सुरळीत. प्राधिकाऱ्याकडनं बिल्डरला आणि मालकांना नोटीस निघाली, पेपरात जाहीर नोटीस आली, सुनावणीच्या तारखा पडल्या. पहिल्या तारखेला बिल्डरतर्फे कोणी नाही, दुसऱ्या तारखेला एक तरुण वकील आले आणि मुदत मागितली, नंतर त्यांचं म्हणणं दाखल झालं : प्लॉटवर एफएसआय शिल्लक आहे, आणखी एक विंग प्रस्तावित होती, सोसायटीने खर्च दिलेला नाही, आणि मालकांशी आमचा वाद चालू आहे. मुंबई हायकोर्टाने बऱ्याच निकालांत म्हणलंय की या चौकशीत मालकीचा मोठा वाद सोडवायचा नसतो, प्रमोटरची कन्व्हेयन्स द्यायची जबाबदारी होती का आणि ती त्याने पाळली का एवढंच बघायचं, बाकी ज्याला भांडायचंय त्याला दिवाणी कोर्ट उघडं आहे. वकीलबाईंनी ते निकाल जोडले आणि आर्किटेक्टचा दाखला पुढे केला, मंजूर नकाशावर दुसऱ्या विंगची रेघसुद्धा नव्हती.

मला लक्षात राहिलं ते मालकांच्या घरातले बाबा. पांढरी टोपी, हातात नोटीस, बरोबर नातू. ते एकदाच आले. त्यांना वाटलं होतं आम्ही त्यांच्यावर केस केलीये. बाहेर बाकावर बसून म्हणाले, "आम्हाला काय नको बाई, जमीन गेली ती गेलीच. पण आमचे दोन फ्लॅट ठरले होते, एकच मिळाला. ते कुठं मागायचं?" मी काय सांगणार. तीस वर्षं आम्ही 'जमीनमालक' हा शब्द अडचण म्हणून वापरत होतो, आणि ह्या माणसाला बिल्डरने आमच्याइतकंच लोंबकळत ठेवलेलं. वकीलबाईंनी त्यांना सांगितलं की या अर्जात त्यांना काही मिळणार नाही आणि त्यांचं काही जाणारही नाही, बिल्डरबरोबरच्या कराराचा हक्क शाबूत आहे, वेगळा वकील बघा. त्यांनी लेखी हरकत घेतली नाही. घेतली असती तर प्रकरण लांबलं असतं, आणि घेण्यासारखं कारण त्यांच्याकडे होतं, हे मी आमच्या सभेतही बोलून दाखवलं, फारसं कोणाला आवडलं नाही.

आदेश सोसायटीच्या बाजूने झाला, सर्टिफिकेट मिळालं. आमच्या ग्रुपवर लगेच पेढ्यांचे फोटो. पण सर्टिफिकेट म्हणजे कन्व्हेयन्स नव्हे! हे फार लोकांना माहीत नसतं, ओळखीतल्या एका सोसायटीने सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावलंय आणि पुढे काहीच केलेलं नाही. त्यानंतर एकतर्फी दस्ताचा मसुदा, मग तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, आणि इथे त्या चोवीस इंडेक्स टूंचं चीज झालं, एकाही फ्लॅटची जादा ड्युटी लागली नाही. मग दुय्यम निबंधकाकडे. तिथे कायद्याप्रमाणे बिल्डरला पुन्हा एक समन्स जातं, हा दस्त डीम्ड कन्व्हेयन्स म्हणून का नोंदवू नये याचं कारण दाखवा म्हणून. आम्हाला वाटलं आता परत पहिल्यापासनं, पण कोणी आलं नाही. नोंदणीच्या दिवशी फोटो, अंगठे, दोन साक्षीदार, आपल्या फ्लॅटच्या वेळी असतं तसंच. अध्यक्ष काकांच्या बोटांचे ठसेच मशीन घेईना, कारखान्यात इतकी वर्षं हातकाम केलेलं. ऑपरेटर मुलीने त्यांच्या बोटाला जरा ओलसर फडकं लावलं, चौथ्या बोटाला जमलं.

त्यानंतर प्रॉपर्टी कार्डावर फेरफार. नगर भूमापनकडे दस्त, इंडेक्स टू, सर्टिफिकेट, आदेश जोडून अर्ज, हितसंबंध असलेल्यांना नोटीस, हरकतीची मुदत, मग नोंद. मालकांच्या वारसांची नावं आधी लागलेली नव्हती त्यामुळे नोटीस नक्की कोणाला द्यायची यावर जरा अडलं, टोपीवाल्या बाबांच्या नातवाने वारसांची यादी आणि पत्ते व्हॉट्सॲपवर पाठवले. त्याला द्यायची काही गरज नव्हती. २०२५ मध्ये कार्डावर सोसायटीचं नाव आलं.

रिसेल फ्लॅट बघणाऱ्यांसाठी एक सांगते, हल्ली लोक इंटिरियर, मेंटेनन्स, पार्किंग सगळं विचारतात आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का हे विचारत नाहीत. नुसतं विचारू पण नका, कारण सेक्रेटरीला स्वतःलाच माहीत नसतं, सरळ ऑनलाइन प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा आणि मालकाच्या रकान्यात कोण आहे बघा. झालेलं नसेल तर घेऊच नका असं मी म्हणणार नाही, निम्मं पुणं घेता येणार नाही मग, पण भाव करताना तो मुद्दा बोला.

आता आजी. पहिल्या मजल्यावर राहतात. ॲग्रीमेंट आजोबांच्या नावावर, ते वारल्यावर नॉमिनेशन मुलाचं होतं म्हणून २००८ मध्ये तेव्हाच्या कमिटीने शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर केलं. दोन मुली, लग्न होऊन बाहेरगावी. सगळ्यांची समजूत की घर दादाचं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरता तो असतो, मृत्युपत्र नसेल तर आजी, मुलगा, दोन मुली असा चौघांचा सारखा हिस्सा. २०१९ मध्ये सहकार कायद्यात जे बदल झाले त्यानंतर तर नॉमिनीला वारसांचं ठरेपर्यंत प्रोव्हिजनल मेंबर म्हणूनच घेतात, तेव्हा तसं नव्हतं. आमच्या अर्जाचं यामुळे काही अडलं नाही, ड्युटी आजोबांनी पूर्ण भरलेली होती, यादीत तशी टीप टाकली आणि काम झालं.

पण कार्डावर सोसायटीचं नाव आल्याचा पेढा द्यायला गेले तर आजी म्हणाल्या, "म्हणजे आता घराचं सगळं मार्गी लागलं ना गं?" त्यांना सांगावं लागलं की सोसायटीचं लागलं, तुमच्या फ्लॅटचं वेगळं आहे, मुलींनी हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर केलं तरच एकट्या दादाचं होईल, नाहीतर रिडेव्हलपमेंटच्या कराराला चौघांच्या सह्या लागतील. नाशिकची मोठी लगेच तयार झाली. धाकटीने फोनवर मलाच विचारलं, "ताई, सही करते, पण उद्या नवीन बिल्डिंगमध्ये आईला कोणी म्हणलं की इथे राहायचं नाही तर?" दादा वाईट नाहीये, पण तिचा प्रश्न मला रास्त वाटला. म्हणून आता आधी आजींचा तहहयात राहण्याचा हक्क दस्तात लिहायचा आणि मग तिची सही असं ठरतंय, मसुदा वकीलबाईंकडे आहे. त्याची फी सोसायटीच्या पंधरा हजारांतनं निघणार नाही हे मी दादाला सांगून ठेवलंय.